उभ्याने काढलेली पावलं

माझी दोन्ही पावलं माझ्या कपाटात गुंडाळी करून ठेवलेली आहेत. ट्रेसिंग पेपरवर, एकास एक प्रमाणात, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आणि चौकटीत माझं नाव, तारीख आणि घरमालकांची सही. असे कागद एकूण एकतीस आहेत. कोणी पाहुण्या बाईने कपाट उघडं बघून विचारलंच, तर मी सांगते की आमचे घरमालक दर महिन्याला माझ्या पावलांचा नकाशा काढायचे. ती बाई जरा सरकून बसते. मग मला काका समजावून सांगावे लागतात, आणि काका काही ओळीने सांगता येतील असे नव्हतेच.

पनवेलच्या खांदा कॉलनीत त्यांचं दुमजली घर. बायको वारल्यापासून वर ते एकटे राहायचे आणि खालच्या गाळ्यात माझं पोळी-भाजी केंद्र, जे अजूनही आहे. काका ड्राफ्ट्समन. आयुष्यभर एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी पंपांची ड्रॉइंग्ज काढली. कॉम्प्युटर आले तेव्हा काका निवृत्तीला टेकले होते, त्यामुळे दोघांनी एकमेकांकडे बघितलंच नाही. कारखाना सुटला, सवयी सुटल्या नाहीत. पाण्याची टाकी धुवायची असली की दुसरे मालक फोन करतात. काका माझ्या शटरवर कागद चिकटवायचे. त्यावर टाकी, टाकीत शिरणारा पाइप, बाहेर पडणारा पाइप, दोन्ही कॉक, आणि बाण काढून लिहिलेलं 'सकाळी दहा ते बारा बंद'. एकदा त्यांनी वरून चटणी मागवली तीसुद्धा कागदावर, वाटीच्या आकृतीसकट, आणि वाटीत चटणी कुठवर हवी तिथे रेघ मारून.

माझी पोळी त्यांनी पहिल्या दिवशी खाल्ली नाही, मोजली. काउंटरवर उभ्याउभ्याच स्टीलची पट्टी काढली.

"एकशे ऐंशी मिलिमीटर," ते म्हणाले. "उद्या किती असेल?"

"पोळी आहे ती, काका. उद्या होईल तेवढी होईल."

"म्हणजे कमीजास्त किती चालेल ते ठरलेलं नाही."

त्यांनी खिशातून डायरी काढून तेही लिहून घेतलं. पहिला महिनाभर त्यांचं माझ्याबद्दलचं मत वाईट होतं आणि माझं त्यांच्याबद्दलचं त्याहून वाईट.

माझ्याबरोबर लाटायला विचुंब्याच्या मावशी असतात. त्यांची शेती होती तिथे आता सात मजली इमारती आहेत, मुलगा जागांचे व्यवहार करतो, आणि दिवसभर सोफ्यावर बसवत नाही म्हणून मावशी माझ्याकडे येतात. काकांबद्दल त्यांनी पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला होता. "मानूस शाना हाय," त्या म्हणाल्या, "पन जरा जास्तच शाना हाय."

काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. जुन्या पनवेलात वाढलेले. त्यांची बरीचशी माणसं एकेक करून इस्राएलला गेली, मुलगीही तिकडेच. तुम्ही का नाही गेलात, असं विचारलं की म्हणायचे, "तिकडे मला पोळी कोण मोजू देणार?" त्यांच्यात मटण आणि दूध-तूप एका जेवणात चालत नाही. त्यामुळे सकाळी वरच्या खिडकीतून नुसतं "आज मटण" एवढंच ऐकू यायचं. त्याचा अर्थ, तीन पोळ्या, तूप न लावता. आणि शुक्रवारी दोन जास्त. त्या शुक्रवारच्या दोन पोळ्यांवर संध्याकाळी प्रार्थना व्हायची, म्हणून त्या अख्ख्या हव्यात, कुठे फाटलेल्या नकोत, भोक नको. त्या दिवशी काका पोळी उजेडासमोर धरून बघायचे. मला राग यायचा. पण खरं सांगायचं तर शुक्रवारच्या त्या दोन पोळ्या मी इतर कुठल्याही पोळीपेक्षा मन लावून लाटायचे.

आता त्यांच्या पायांबद्दल, कारण कॉलनीतल्या लोकांना काका म्हटलं की आधी पायच आठवतात. उजवा घोटा आतल्या बाजूला कलंडलेला, पाऊल सपाट, अंगठा बाजूच्या बोटांवर चढलेला. त्यांना आमवात होता, म्हणजे संधिवाताचा तो प्रकार, ज्यात शरीर स्वतःच्याच सांध्यांच्या मागे लागतं. पायाच्या बोटांपासून सुरू होऊन तो घोट्यापर्यंत येऊन बसला होता. जिना ते तिरके उतरायचे, कठड्याकडे तोंड करून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तोंडाने मात्र त्या वेळी भाजीची चौकशी चालू असायची, म्हणजे कोणी मदतीला येऊ नये.

दोन पावलं दोन मापांची झाल्यामुळे त्यांना डावा बूट आठ नंबरचा लागायचा आणि उजवा नऊचा. दर वेळी दोन जोड घ्यायचे आणि दोन बूट उरायचे. काकांनी ते टाकले नाहीत. शटरवर कागद लागला: 'डावा नऊ, उजवा आठ असलेल्या गृहस्थांनी वर भेटावे. बूट न वापरलेले.' बाजूला दोन्ही तळव्यांची आकृती. मी हसून बेजार झाले. तीन महिन्यांनी पळस्प्याहून एक निवृत्त कंडक्टर खरोखरच आले, बूट घालून बघितले आणि वर चहाला बसले. पुढे ते दोघं बरोबरच दुकानात जायचे. बुटांचा रंग ठरवताना त्यांची भांडणं व्हायची.

आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी काका स्वतःच्या पावलांचं ड्रॉइंग काढायचे. शनिवारी ते पेन्सिलीला हात लावायचे नाहीत, तो त्यांच्या विश्रांतीचा दिवस, म्हणून रविवार. जुन्या कागदावर नवा ठेवायचा, खिडकीच्या काचेला धरायचा आणि बोट कुठे किती सरकलं ते लाल पेन्सिलने मांडायचं. मला वाटायचं, एकट्या माणसाला काहीतरी उद्योग हवा. मावशी म्हणायच्या, "लोक देवाची पावलं काडतात, यो सोताची काडतो."

माझं दुखणं नेमकं कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही, कारण सुरुवातीला मी त्याला दुखणं मानलंच नव्हतं. पहाटे पलंगावरून पाय खाली ठेवला की चवड्याखाली खडे असल्यासारखं वाटायचं. एकदा तर मी खरंच वाकून लादी बघितली. दोन्ही पावलांना सारखंच. तासभर भिंतीला धरून चालायचं, मग हळूहळू पाय मोकळे व्हायचे आणि मी ते विसरून जायचे. पुढे चपलेचा अंगठा घट्ट व्हायला लागला. संध्याकाळी घोट्याभोवती सूज यायची आणि बोटाने दाबलं तर दुखायचं.

उभं राहणं हाच माझा धंदा होता. गाळा घेतला तेव्हा पळस्प्याला सासरी सगळ्यांनी तोंडं वाकडी केली होती. नवरा गोव्याच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, आठवड्याचे पाच दिवस बाहेर. अशा घरात बाईने घरी असावं, असं त्यांचं म्हणणं. नवरा मात्र म्हणाला, "कर तू." चार वर्षांत मी ते केंद्र चालतं केलं होतं. पहाटे साडेपाच ते दुपारी दोन ओट्यापाशी, परत चार ते आठ. पाय गेले तर केंद्र गेलं आणि मी पळस्प्याला ओटीवर बसून 'आम्ही सांगत होतो' ऐकणार, हे मला कोणी समजावून द्यायला नको होतं. म्हणूनच मी कोणाला काही सांगत नव्हते. मावशींच्या लक्षात आलं. त्यांनी निर्गुडीचा पाला आणला, शेक दिला, बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून आणखी दोन महिने गेले. दुकानातून दुखण्याची गोळी आणून घ्यायचीही मला सवय लागली.

काकांनी मला पकडलं ते गोणपाटावरून. ओट्यासमोर मी रिकामी गोणी चार घड्या करून टाकली होती, त्यावर उभी राहायचे. काका पोळ्या घ्यायला आले आणि काउंटरवरून वाकून खाली बघत राहिले.

"हे काय?"

"लादी गार लागते, काका."

"मे महिन्यात?"

मी पोळी उलटली. तव्याकडे बघत राहिले.

"मागच्या महिन्यात दोन घड्या होत्या," काका म्हणाले. "त्याच्या आधी गोणीच नव्हती."

ते पोळ्या घेऊन वर गेले. रविवारी दुपारी, गाळा बंद असण्याच्या वेळेत, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी काखेत मारून खाली आले आणि म्हणाले की तुझी पावलं काढायची आहेत.

मावशी एकदम उठल्या. "तुमी मोठं मानूस आनि हिच्या पायाशी बसनार? काय बरा दिसतं का?"

मलाही ते कसंतरीच वाटलं. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्या पायाशी बसणार, ही कल्पनाच सहन होईना. मी म्हटलं, काका, कागद द्या, माझी मीच काढते. पिठाच्या डब्यावर बसले, कागदावर पाय ठेवला आणि पेन्सिल फिरवली. डावा झाला, उजवा झाला. छान निघाली पावलं. चित्रकलेच्या वहीत असतात तशी.

"बघा," मी म्हणाले. मला खरंच हायसं वाटलं होतं. "पाऊल पावलासारखं आहे. काही झालेलं नाही मला."

काका त्या कागदाकडे इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, त्यांनाच काहीतरी होतंय. मग ते जिना चढायला लागले. त्यांचा एकेक पाय पायरीवर टेकतानाचा आवाज आम्हा दोघींना खाली ऐकू येत होता. उतरायला त्याहून जास्त वेळ लागला. हातात जुन्या कागदांची एक पिवळी पडलेली गुंडाळी होती. मी ओट्यावरचं पीठ पुसलं आणि त्यांनी कागद पसरले.

"ही माझी पहिली तीन वर्षं," ते म्हणाले. एकावर एक ठेवलेले छत्तीस कागद. वरून बघितलं तर एकच पाऊल दिसत होतं, रेघेवर रेघ.

"काहीच बदल नाही," मी म्हणाले.

"बायकोला मी हेच सांगायचो." काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "ती म्हणायची, तुमची चाल बदलली आहे, डॉक्टरकडे चला. मी म्हणायचो, चाल म्हणजे काय, ते कागदावर दाखव. ती शाळेत शिकवायची, बोलण्यात मला ऐकायची नाही. पण ड्रॉइंग पुढे केलं की गप्प बसायची. तीन वर्षं मी तिला असं गप्प बसवलं."

मावशी लाटणं हातात तसंच धरून उभ्या होत्या.

"हे सगळे मी खुर्चीत बसून काढलेत," काका म्हणाले. "पंपाचं ड्रॉइंग काढताना पंप बंद असतो. चालू पंपाचं कोणी काढत नाही. मी पायालाही तोच नियम लावला. बसलेल्या माणसाच्या पायावर भार नसतो, तो शहाण्यासारखा आपल्या आकारात राहतो. तो मोडतो उभं राहिल्यावर."

मग त्यांनी सदतिसावा कागद काढला. पायाचा एक्स-रे काढणाऱ्याने त्यांना पहिल्यांदा उभं करून फोटो घेतला, त्या संध्याकाळी घरी येऊन काढलेला. ते पाऊल दुसऱ्याच कुणाचं तरी असावं असं होतं. रुंद, पसरलेलं, घोट्याच्या खाली रेघ बाहेर ओघळलेली. तोवर सांधे आतून खाल्ले गेले होते, आणि जे गेलं ते औषधाने परत येण्यासारखं नव्हतं. काकांनी एवढंच सांगितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"उभी राहा," ते म्हणाले.

मी उभी राहिले. काका खाली बसायला लागले. आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक गुडघा, मग दुसरा, मग नुसतंच थांबणं. मावशी त्यांना धरायला पुढे झाल्या आणि त्यांचा चेहरा बघून थबकल्या. ज्या माणसाला जिना उतरायला दहा मिनिटं लागायची तो माझ्यासाठी लादीवर गुडघे टेकून बसला होता. पेन्सिल ताठ उभी धरून ते माझ्या पावलाभोवती फिरवत होते, पायापासून अगदी जराशी लांब. दोन्ही पावलं पूर्ण होईपर्यंत त्यांचं एक बोटही मला लागलं नाही. "हलू नकोस," ते अधूनमधून म्हणायचे, ओरडून नव्हे, ड्रॉइंग ऑफिसात कुणा नवशिक्याला म्हणावं तसं.

बसून काढलेला कागद त्यांनी उभ्याने काढलेल्यावर ठेवला. चवडा फाकला होता. पावलाच्या आतल्या बाजूला, जिथे रेघेने आत वळायला हवं, तिथे ती बाहेर आली होती. ती दोन पावलं एकाच बाईची आहेत हे कोणाला खरं वाटलं नसतं.

"नऊ मिलिमीटर," काका म्हणाले.

इतके महिने दुखत होतं तेव्हा मी रडले नव्हते. तो कागद बघून रडले. मावशींनी तोंडाला पदर लावला आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्ये काम पाल्यानं नाय व्हायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका रिक्षा दारात आणून उभे. जुन्या पनवेलात सांध्यांच्या एक डॉक्टरीणबाई बसतात, त्यांच्याकडे गेलो. तिथल्या बाकावर सगळ्यांनी त्यांनाच पेशंट समजून जागा करून दिली. आत गेल्यावर त्यांनी आमचे दोन कागद टेबलावर ठेवले. बाईंनी आधी हसू दाबलं, मग कागद एकमेकांवर ठेवून दिव्याकडे धरले आणि हसणं राहून गेलं.

"हे कोणी काढलं?"

"माझे घरमालक," मी म्हणाले.

बाईंनी माझी बोटं दाबून बघितली, घोटे फिरवून बघितले, रक्त तपासायला सांगितलं आणि एक्स-रेच्या चिठ्ठीवर लिहिलं की दोन्ही पावलांचे उभं राहूनच काढावेत. काकांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. आपलं ड्रॉइंग कारखान्यात मंजूर झालं की त्यांचा चेहरा असाच होत असणार.

आमवातच निघाला. "सूज आहे, पण सांधे अजून शाबूत आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता आलात ते फार बरं झालं. अजून वर्षभर दुखण्याच्या गोळ्या खात बसला असतात, तर..." त्यांची नजर काकांच्या बुटांकडे गेली होती. काकाच म्हणाले, "बोला, बोला. मी त्यासाठीच आलोय."

औषधाची मुख्य गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची होती. रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं बाईंनी बजावलं. ते काकांनी मनाला इतकं लावून घेतलं की दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यासमोरच्या भिंतीवर ड्रॉइंग लागलं: सात चौकोन, सहांवर फुली, एकात गोळीची आकृती, वरून आणि बाजूने. गिऱ्हाईक विचारायचं, हे कसलं यंत्र आहे. मी म्हणायचे, माझं.

मग त्यांनी माझ्यासाठी स्टूल आखलं. लाटताना पूर्ण बसायचं नाही, पूर्ण उभंही राहायचं नाही, निम्मा भार बैठकीवर येईल असं, पुढे किंचित उतार, खाली पाय टेकवायला आडवी पट्टी. चार दिवस ते माझ्या ओट्याची उंची आणि माझ्या कोपराची उंची मोजत होते. सुतारमिस्तरी कागद बघून म्हणाला, "साहेब, यात अर्धा मिलिमीटर लिहिलाय. विमान करायचंय का?" काका म्हणाले, "विमान सोपं असतं, ते कोणाच्या पायावर उभं नसतं." मिस्तरीने तीन वेळा ते परत नेलं. मावशींनी त्याला घोडा नाव ठेवलं आणि मी नसले की स्वतः त्यावर बसून लाटायला लागल्या.

पळस्प्याला मी स्वतःच फोन करून दुखणं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, मग आता बंद कर ते. मी म्हटलं, नाही, आता नीट चालवीन. फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

औषध लागू पडायला वेळ लागला. पहिले दोन महिने काहीच नाही. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी दूध तापवून झाल्यावर मला आठवलं की आज मी भिंतीला धरलंच नाही. पुढच्या चवड्याकडे रुंद असलेल्या चपला घेतल्या, आत मऊ तळवे घातले. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काका लादीवर गुडघे टेकायचे, मावशी मुकाट्याने त्यांच्या गुडघ्यांखाली ती गोणी सरकवायच्या, आणि मी उभी राहायचे. सवय झाल्यावर त्यात लाजण्यासारखं काही उरलं नाही. आम्ही भाज्यांचं बोलायचो.

वर्ष झालं त्या रविवारी त्यांनी बारा कागद एकत्र करून खिडकीच्या काचेला लावले. माझ्या दोन्ही पावलांची एकेकच रेघ दिसत होती, पेन्सिलीच्या जाडीएवढी. मी घाबरून विचारलं, "हे बसून काढल्यासारखं तर नाही ना?" कारण मला त्यांचे छत्तीस कागद आठवले.

"उभ्याने," ते म्हणाले. "पूर्ण भार." मग चौकटीत त्यांनी लिहिलं, 'बदल नाही.' आणि बराच वेळ त्या दोन शब्दांवर बोट ठेवून बसले. "चाळीस वर्षं मी ड्रॉइंग बदलायचा पगार घेतला," ते म्हणाले. "हे पहिलं ड्रॉइंग, ज्यात मला काही बदलायला नको आहे."

मला त्या वेळी त्यांचे आभार मानता आले नाहीत. मी आत जाऊन उगाच पीठ चाळत बसले. आपल्या माणसाचे आभार कसे मानतात ते मला येत नाही, आमच्या घरात कोणालाच येत नाही. म्हणून आता लिहिते. आज मी ओट्याशी उभी आहे, केंद्रात आणखी दोघीजणी कामाला आहेत, मावशी त्यांच्यावर आवाज चढवतात, हे सगळं त्या माणसामुळे आहे. त्यांना स्वतःची चूक उघड करून दाखवावी लागली तेव्हा मला माझी दिसली. बायकोला गप्प बसवल्याची गोष्ट एखाद्याने मरेपर्यंत झाकून ठेवली असती. त्यांनी ती माझ्या पिठाच्या ओट्यावर पसरली.

काका आता नाहीत. मुलीकडे गेल्यावर दीड वर्षाने तिकडेच वारले. माझ्या पायांचे काढलेले सगळे कागद ते मला देऊन गेले होते. इथून त्यांना जावं लागलं कारण उजवा घोटा पुरताच गेला. तिकडचे डॉक्टर ऑपरेशन करून घोट्याची हाडं जोडून टाकणार होते, म्हणजे सांधा हलणार नाही, पण दुखणारही नाही. मुलगी न्यायला आली. निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी मला आणि मावशींना वर बोलावलं. ऑपरेशनच्या आधीचं ड्रॉइंग हवं होतं. खाली वाकणं त्यांना आता शक्य नव्हतं आणि कशाला धरल्याशिवाय उभंही राहता येत नव्हतं. म्हणून पेन्सिल मावशींकडे दिली आणि धरायला मी.

"उभी धरा," काका म्हणाले. "तिरकी नको."

"उभीच हाय," मावशी खालून म्हणाल्या. "तुमी हलू नका म्हंजे झाला."

काकांची बोटं माझ्या खांद्याला जेमतेम लागली होती. बाकी सगळा भार त्यांनी त्या कलंडलेल्या घोट्यासकट स्वतःच्या पायांवर ठेवला होता. ओठ आवळलेले, कानशिलावरून घाम उतरत होता.

"काका, टेका माझ्यावर."

"टेकलो तर भार कमी होईल. ड्रॉइंग चुकीचं येईल."

"येऊ दे."

"तुझे पाय..." ते म्हणाले.

"माझे पाय धरतील," मी म्हणाले. "तुम्हीच बघितलेत ना?"

मग ते टेकले. आधी हात, मग सगळा खांदा, मग कपाळही माझ्या खांद्यावर आलं. मी पाय थोडे फाकवले आणि उभी राहिले. माझे घोटे दुखले नाहीत. मावशींनी घाई केली नाही, एक टाच त्यांनी दोनदा काढली.

त्यांना खुर्चीत बसवल्यावर काकांनी कागद मागितला. रेघ दोन ठिकाणी तुटली होती आणि करंगळीपाशी मावशींचा हात घसरला होता. त्यांनी चौकटीत तारीख घातली आणि खाली त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात टीप लिहिली: 'निम्मा भार खालच्या गाळ्यातल्या बाईच्या पायांवर.' सही करून कागद माझ्यापुढे धरला.

"निम्म्याहून जास्त होता, काका," मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मोजता आला नाही."